हरणाबाईंनी न दिलेला भंडारा

माझी सासू जाऊन आता वर्ष होईल. सुनेनं सासूबद्दल चांगलं लिहिलं की लोकांना शंका येते, म्हणून आधीच सांगून टाकते, आमचं फारसं पटायचं नाही. मला चहात साखर जास्त लागायची, तिला माझं मोबाईलवर हसणं खटकायचं, आणि भाकरी कशी थापावी यावर आम्ही इतकं बोललो आहोत की तेवढ्या वेळात गावजेवणाच्या भाकरी झाल्या असत्या. तरी रविवारची संध्याकाळ झाली की मला अजून तिची चाहूल लागते. न्हाऊन, ओल्या केसांवर पदर घेऊन ती बिरोबाच्या देवळाकडं निघायची आणि तिच्यामागं घरभर हळदीचा वास राहायचा. आता दिवा माझा नवरा लावतो. देव तोच आणि हळदही तीच, पण घरात तो वास काही राहत नाही.

तिचं नाव हरणाबाई. सासूला आमच्यात आत्या म्हणतात, म्हणून मी आत्या म्हणायची. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाची हद्द जिथून जवळ पडते, तिथं माळावर आमची बोरबनवाडी. आम्ही धनगर. मेंढरं अजून आहेत, जोडीला बाजरी आणि थोडी डाळिंबं. माझं माहेर शिराळ्याकडचं, वाहत्या ओढ्यांचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिला उन्हाळा मी रिकाम्या हंड्याकडं बघून रडत काढला. आत्या म्हणाली, "रडून हंडा भरत न्हाई, चल." तिची समजूत घालायची पद्धत ही अशी होती.

बिरोबाची सेवा आमच्या घराकडं. पूर्वी दिवाळी झाली की पुरुषमाणसं मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूला जायची ती पावसाच्या तोंडावर परत यायची. सासरे, तात्याबा, असेच जायचे. मग मागं देवाला दिवा आत्यानं लावायला सुरुवात केली, आणि सासरे वारल्यावर तो तिच्याकडंच राहिला. देवापुढं पितळेच्या ताटात भंडारा असायचा. भंडारा म्हणजे हळदच, पण देवाला वाहिलेली, आणि सेवेकऱ्याच्या हातून घ्यायची. बाळाचं नाव ठेवायचं असो, मेंढरू आजारी असो, पोरगा फौजेत निघालेला असो, आत्याच्या हातचा भंडारा कपाळाला लागल्याशिवाय काही हलायचं नाही. तिच्या उजव्या हाताची बोटं कायम पिवळी असायची. आधार कार्डाचा ठसा घेणाऱ्या माणसानं तिला साबणानं हात धुवायला लावून लावून बेजार केलं होतं.

भंडाऱ्याचा आणखी एक उपयोग होता. तो शपथेचा. देवासमोर भंडारा उचलून माणूस बोलला की त्या शब्दापुढं कुणी काही विचारायचं नाही. बांधाचं भांडण असलं, दोन भावांत काही बिनसलं, तर गावात हा एकच उपाय चालायचा. मग निवडणुकीवाल्यांनी तो उचलला. मतदानाच्या आधी दोन्ही पॅनेलची माणसं घरंच्या घरं देवळात आणायची आणि म्हणायची, "उचला भंडारा, मत आमालाच." लोकही उचलायचे. मटणाचं जेवण झालेलं असायचं, नाही कसं म्हणणार? आत्या प्रत्येकाच्या हातावर भंडारा द्यायची. तिला वाटायचं, देवाचं आहे, मागेल त्याला द्यावं.

हे कुठं बिघडलं ते सांगते. आमच्या शेजारी अंबूबाई राहते. आत्याची लहानपणापासूनची मैत्रीण, दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी. मागच्या एका निवडणुकीत अंबूबाईच्या नवऱ्यानं मेंढरांमागं जायच्या आधी एका पॅनेलपुढं भंडारा उचलला होता, घरातली सगळी मतं तुमचीच म्हणून. बायकोला हे सांगायचं तो विसरला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पॅनेलनं अंबूबाईला देवळात आणलं, आणि तिनंही उचलला. नवरा फोनवर बोलला तेव्हा हा घोळ तिला कळला. आता कुणालाही मत दिलं तरी एक शपथ मोडणारच. बिचारी मतदानालाच गेली नाही. त्या थंडीत तिच्या घरी मागं ठेवलेल्या गाभण मेंढ्या दगावल्या. रोग सगळ्या माळावर होता, आमच्याही मेंढ्या दगावल्या, पण अंबूबाईनं मनाशी ठरवून टाकलं की देव कोपला.

त्यानंतर ती देवळात येईना. रविवारी बाहेर बाभळीखाली उभी राहायची, लांबूनच हात जोडायची आणि निघायची. आत्याला वाटायचं, गुडघे दुखत असतील, पायऱ्या चढवत नसतील. असं बरंच चाललं. एका रविवारी आत्यानं तिला हाताला धरून वर घ्यायला बघितलं तर ती लहान पोरीसारखी रडायला लागली. म्हणाली, "मला न्हाई शिवायचं त्येला. मी दोन तोंडांची हाय." मी तिथंच होते. आत्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. दोन्ही वेळचा भंडारा तिनंच तर दिला होता, नवऱ्याच्या हातावर आणि बायकोच्याही.

आत्या आत गेली, ताट घेऊन बाहेर आली आणि बाभळीखालीच तिनं अंबूबाईचं कपाळ भरलं. म्हणाली, "तुजी चूक न्हाई, अंबू. देनाऱ्या हाताची हाय." मग देवळाकडं तोंड करून मोठ्यानं बोलली, जशी कुणाला तरी बजावत होती. "हितनं म्होरं मतासाठी ह्यो हात देनार न्हाई." अंबूबाई त्या दिवशी पायऱ्या चढली. त्या रात्री मात्र आत्या जेवली नाही.

त्यानंतर रविवारच्या बायका सुरू झाल्या. त्याला मंडळ वगैरे नाव नव्हतं. दिवा लावला की सात-आठ जणी तिथंच ओट्यावर बसायच्या, ओव्या म्हणायच्या, आणि ओव्यांनंतर गावाचं बोलायच्या. त्यात आमच्या पॅनेलच्या घरातल्या होत्या, समोरच्या पॅनेलच्या घरातल्याही होत्या. पॅनेलचं नाव मात्र काढायचं नाही. कुणी काढलंच तर आत्या तिला पुढची ओवी म्हणायला लावायची. अशाच एका रविवारी आत्याच्या डोक्यात आलं की भंडारा लोकांना का उचलायला लावायचा, जे निवडून येणार आहेत त्यांनी उचलावा. त्यांच्याकडून काय हवं यावर बायकांचं लगेच एकमत झालं. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ज्या वस्तीला पाणी नाही तिथं आधी जाईल, आणि ग्रामपंचायतीचा दाखला मागेल त्याला मिळेल. मत कुणाला दिलं ते बघायचं नाही.

आता इथं माझा संबंध येतो. पुढच्या निवडणुकीत सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि आमच्या पॅनेलनं मला उभं केलं. मला म्हणजे माझ्या नवऱ्याला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण 'हे' म्हणत बसले तर हे म्हणजे कोण ते कुणाला कळायचं नाही, म्हणून तानाजी असंच लिहिते. समोरून खालच्या वस्तीवरची संयोगिता उभी होती. मराठ्यांचं घर, विहिरीला पाणी, थोडा ऊस. तिचा नवरा अमृत आणि माझा नवरा तानाजी हे खरे उमेदवार. आम्ही दोघी फोटोपुरत्या.

रविवारच्या बायकांनी दोन्ही घरांना निरोप धाडला. आम्ही दोघी नवऱ्यांसकट देवळात आलो. बायकांची मागणी ऐकून तानाजी म्हणाला, "उमेदवार मी न्हाई, मी कशापायी उचलू?" अमृतही तेच म्हणाला. ते दोघं एखाद्या गोष्टीवर एकमेकांशी सहमत झालेले मी तेवढेच पाहिले. आत्या म्हणाली, "बराबर हाय. ज्या हायती त्यांनी उचलावा." आणि ताट आमच्यापुढं धरलं. संयोगितानं पटकन उचलला. मग मला उचलावाच लागला. माझ्या डोक्यात तेव्हा टँकर नव्हता, खरं सांगते. सगळ्यांसमोर सासूनं कोंडीत पकडलं याचाच राग होता.

मतदान जवळ आलं. माळावरची काही घरं डळमळत होती. दुपारी आत्या अंगणात बाजरी पाखडत बसली होती. तानाजी येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आयं, उद्या रविवार हाय. माळावरच्यांना देवळात आनतो. तू फकस्त भंडारा दे."

"कशाचा?"

"राणीला मत देनार म्हनून."

"न्हाई."

"अगं, घरची सून हाय ती."

"सून माजी हाय. देव गावाचा हाय."

"अमृत गप बसंल व्हय?"

"त्यो कालच येऊन गेला. त्यालाबी न्हाई म्हनले."

तानाजी उठला. "सांगलीच्या मार्केटात पोत्यानं हळद पडलीया, आयं."

"मग आन की पोतं," आत्या सूप झटकत म्हणाली. "कालवनात घालाय व्हईल."

तानाजीनं खरंच हळद आणली. पोतं नाही, पुडा. तो घेऊन माळावर गेला. तिथं बिराप्पा म्हणून म्हातारा आहे, सगळे त्याचं ऐकतात. त्यानं विचारलं, "हरणाबाईच्या हातचा हाय का?" तानाजी म्हणाला, "न्हाई, पन हळदच की." बिराप्पा म्हणाला, "मग माजी म्हातारी रोज आमटीत घालती. रोज शपथ घेतो म्हनायचा मी." वस्ती खो खो हसली. दुसऱ्या दिवशी हा किस्सा खालच्या वस्तीपर्यंत गेला, आणि आमचं पॅनेल तिथंच अर्धं पडलं.

मी थोडक्यात पडले, संयोगिता सरपंच झाली. आणि खोटं कशाला बोलू, मला अजूनही वाटतं की त्या रविवारी तिनं भंडारा दिला असता तर मी सरपंच झाले असते. निकालाच्या दिवशी मी तिला विचारलंच. "आत्या, तुमाला मी निवडून यायला नको हुते का?" ती म्हणाली, "मत मी तुलाच दिलंय. आनी काय पायजे?"

तानाजीनं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं सोडलं. भांडला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं भांडणही केलं नाही. एकाच घरात राहायचा, तिच्या औषधांच्या गोळ्या न विसरता आणायचा, पण बोलायचा माझ्यामार्फत. "आयला सांग, डॉक्टरनं मीठ कमी खायला सांगितलंय." आत्या तिथंच बसलेली असायची. मग ती म्हणायची, "त्याला सांग, ऐकलं." मी मधे उभी. सुरुवातीला मला गंमत वाटायची, पुढं पुढं नको वाटायला लागलं. आत्याला बाकी काही नको होतं. त्यानं एकदा आयं म्हणून हाक मारावी, एवढंच हवं होतं. हे ती कधी बोलली नाही, पण तो दारातून आत आला की तिचे हात कामात थांबायचे. ते मला दिसायचं, आणि तानाजीलाही दिसत असणार.

उन्हाळा आला. माळावर आमच्या वस्तीत पाण्याचा थेंब नव्हता. टँकर आला तो खालच्या वस्तीकडं वळला, जिथं विहिरीला पाणी होतं. अमृतनं ड्रायव्हरला तसं सांगितलं होतं. तानाजी म्हणाला, "आयला सांग, आता भंडारा लाव टँकरला." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रविवारच्या बायका गोळा केल्या आणि संयोगिताच्या अंगणात जाऊन बसली. आरडाओरडा नाही, मोर्चा नाही. बायका ओव्या म्हणत बसल्या. संयोगितानं चहा दिला, तो घेतला. ओवी संपल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "पोरी, तू उचललास न्हवं?" आणि सगळ्या उठून आल्या.

पुढच्या दिवशी टँकर आमच्या वस्तीवर आला तो संयोगिता पुढच्या सीटवर बसलेली. डोक्यावर पदर, तोंडावर धूळ. मी हंडे लावत होते, ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "घरात लय गोंधळ झालाय गं. पन तुज्या सासूच्या ओव्यांपरीस त्यो परवडला." आम्ही दोघी हसलो. निवडणुकीत आम्ही एकमेकींविरुद्ध उभ्या होतो हे त्या उन्हात अगदी परक्या बायकांबद्दल ऐकल्यासारखं वाटलं. संपूर्ण उन्हाळा टँकर असाच येत राहिला, आधी कोरड्या वस्त्यांवर आणि मग बाकीकडं. तानाजी टँकरजवळ कधी गेला नाही. पाणी मात्र प्यायचा, ते कुठून आलं हे ठाऊक नसल्यासारखं तोंड करून.

या टँकरनं आत्याचं नाव आसपासच्या गावांत गेलं. मग पुढारी यायला लागले. जिल्हा परिषदेच्या वेळी एका पार्टीनं तिला न विचारता तिचा हात जोडलेला फोटो भल्यामोठ्या फ्लेक्सवर लावला, उमेदवाराच्या शेजारी. आत्या विळा घेऊन गेली, दोऱ्या कापल्या आणि तो फ्लेक्स गुंडाळून घरी आणून कडब्याच्या गंजीवर टाकला. उमेदवाराचं तोंड खाली करून. ते बघून दुसऱ्या पार्टीची माणसं खूश होऊन पेढे घेऊन आली. तिनं पेढे परत दिले आणि म्हणाली, "गंज मोठी हाय. तुमचाबी बोर्ड घावला तर झाकाय व्हईल." त्यानंतर तिच्या नादाला कुणी लागलं नाही. आजही मोठे फ्लेक्स बघितले की मला आधी कडबा आठवतो.

असं सगळं करणारी बाई घरात मात्र मुलाच्या एका शब्दाला ताटकळत होती. मी तानाजीला किती सांगितलं. रागावले, अबोला धरला, एकदा माहेरीही जाऊन आले. तो म्हणायचा, "बोलीन की. कुठं पळून चाललीया आय?"

गेल्या थंडीत तिच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेला नेलं. तानाजीनं जीप अशी चालवली की मला देव आठवले. दवाखान्यात तो क्षणभर बसला नाही. रक्त आण, रिपोर्ट आण, डॉक्टरांना गाठ. खाटेजवळ यायचा, पायावरचं पांघरूण नीट करायचा, औषधाची बाटली बघायचा आणि बाहेर जायचा. एवढ्या वर्षांचं न बोलणं आता त्यालाही मोडता येत नव्हतं.

आत्यानं मला विचारलं, "तानाजी काय बोलला का?"

"आवं आत्या, तुमच्यासाठीच पळतोय न्हवं सकाळधरनं."

"पळतोय त्ये दिसतंय. बोलला का?"

मी म्हणाले, "आयला बरं वाटतंय का इचार, म्हनत हुता." ती ओठांच्या कोपऱ्यात हसली. "तुला खोटं बोलायला येत न्हाई. म्हनूनच पडलीस," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तानाजी तेव्हा खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभा होता.

यंदा पुन्हा निवडणूक लागली आहे. सरपंचपद या वेळी खुलं आहे आणि तानाजी स्वतः उभा आहे. माळावरची तीच घरं पुन्हा डळमळत आहेत. परवा दुपारी आमच्या पॅनेलचा सिद्धू आला. तो तानाजीचा मावसभाऊ, निवडणुकीचं सगळं तोच बघतो. दोघं अंगणात बसले होते, मी चहा देऊन दारात थांबले.

सिद्धू म्हणाला, "दादा, गेल्या टायमाला मावशीनं अडवलं म्हनून आपन पडलो. आता देवाचं ताट तुज्याच हातात हाय. रविवारी मान्सं आनतो. तू भंडारा दे, बाकी मी बगतो."

तानाजी मान खाली घालून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. माझ्या मनात काय चाललं होतं ते मलाच कळत नव्हतं. तो हो म्हणाला असता तर मला नवल वाटलं नसतं. इतकी वर्षं तो याच गोष्टीसाठी तर रुसून बसला होता.

"न्हाई," तो म्हणाला.

सिद्धूला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "आता कोन अडवतंय, दादा? मावशी न्हाई आता."

"म्हनूनच न्हाई. ती असती तर भांडून घेतला असता. आता कुनाशी भांडू?"

सिद्धू मोटरसायकल काढून गेला. या वेळीही आम्ही पडणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तानाजी अंगणात तसाच बसून होता. आत्या जिथं बाजरी पाखडायची त्या बाजूला बघून तो म्हणाला, "आयं." हीच हाक ऐकायला ती मिरजेत शेवटच्या सकाळपर्यंत दाराकडं बघत होती.